व्याजदर चढतात तेव्हा: कर्ज, ठेवी आणि गुंतवणूक यांची फेरमांडणी

मार्च २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हचा धोरणात्मक व्याजदर शून्य ते पाव टक्का या पट्ट्यात होता; जुलै २०२३ मध्ये तो सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. जवळपास त्याच काळात बँक ऑफ इंग्लंडने आपला दर ०.१ टक्क्यावरून ५.२५ टक्क्यांवर नेला, युरोपीय मध्यवर्ती बँकेने बँकांच्या तिच्याकडील ठेवींवरचा उणे अर्धा टक्का दर चार टक्क्यांपर्यंत चढवला आणि भारतीय रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो दर (बँकांना अल्प मुदतीसाठी उसना पैसा देण्याचा दर) चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर आणला. कारण सगळीकडे एकच होते, ते म्हणजे महागाई. घरोघरी झालेला परिणाम मात्र एकसारखा नव्हता. अमेरिकेत बहुतेक गृहकर्जे तीस वर्षांच्या स्थिर दराची असल्यामुळे ज्यांनी आधीच तीन टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतले होते त्यांच्या हप्त्यात काहीच फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये साधारणपणे दोन किंवा पाच वर्षांपुरताच दर स्थिर असतो, म्हणून ती मुदत ज्या महिन्यात संपली त्या महिन्यात हप्ता एकदम उडी मारून वर गेला. जिथे कर्जे बदलत्या दराची होती तिथे काही महिन्यांतच फटका बसला, आणि अनेकांच्या बाबतीत तो हप्त्यात न दिसता कर्जाच्या लांबलेल्या मुदतीत लपून राहिला.

म्हणून दर किती वाढला, एवढे विचारून भागत नाही. आपला पैसा कोणत्या दराने आणि किती काळासाठी बांधला गेला आहे, हे कळल्याशिवाय त्या वाढीचा आपल्याशी काय संबंध आहे हेही कळत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये हाच मुदतीचा धागा धरून ठेवला आहे, कारण कर्ज, ठेव, रोखा (म्हणजे सरकारला किंवा कंपनीला ठरावीक मुदतीसाठी दिलेल्या कर्जाचा कागद) आणि शेअर या चारही गोष्टींवर व्याजदराचा परिणाम मुदतीच्या मार्गानेच होतो.

दर आपल्यापर्यंत कसा पोहोचतो

मध्यवर्ती बँक जो दर ठरवते तो अगदी अल्प मुदतीच्या, बहुधा एका रात्रीच्या किंवा काही दिवसांच्या उसनवारीचा दर असतो. बँकांचा पैसा उभा करण्याचा खर्च त्यामुळे वाढतो आणि त्या तो कर्जदारांवर टाकतात. दहा किंवा तीस वर्षांच्या रोख्यांचे दर मात्र मध्यवर्ती बँक थेट ठरवत नाही. पुढील अनेक वर्षांत महागाई आणि अल्पमुदतीचे दर कुठे असतील, याबद्दल बाजाराचा जो अंदाज असतो त्यावर ते ठरतात. त्यामुळे धोरणात्मक दर वाढूनही दीर्घ मुदतीचा दर जागच्या जागी राहणे किंवा खाली येणेही शक्य असते. अमेरिकेत जुलै २०२२ पासून दोन वर्षांहून अधिक काळ दोन वर्षांच्या सरकारी रोख्यावर दहा वर्षांच्या रोख्यापेक्षा जास्त परतावा मिळत होता, ते याच कारणाने.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कर्जाचे दर लवकर वाढतात आणि ठेवींचे दर सावकाश वाढतात; बचत खात्याचा दर तर बहुतेकदा हलतच नाही. यात कोणाचे कारस्थान नसते, ग्राहकाच्या आळसाचा तो हिशेबी फायदा असतो. जो ग्राहक पैसे हलवणार नाही त्याला जास्त दर देण्याचे बँकेला कारण नसते.

पहिली पायरी: एक पान भरून काढा

कोणताही निर्णय घेण्याआधी कागदाच्या एका बाजूला सगळी कर्जे आणि दुसऱ्या बाजूला सगळ्या ठेवी, रोखे, फंड आणि शेअर लिहावेत. प्रत्येक नोंदीपुढे शिल्लक रक्कम, आजचा व्याजदर, तो स्थिर आहे की बदलता, बदलता असल्यास तो कशाशी जोडला आहे, पुढे कोणत्या तारखेला तो पुन्हा ठरणार आहे आणि अखेरची तारीख कोणती, एवढी माहिती असावी. बहुतेकांना आपला हप्ता तोंडपाठ असतो, परंतु दर पुन्हा ठरण्याची तारीख आणि कर्जाचे उरलेले महिने विचारले की कागद शोधावे लागतात. नेमक्या याच दोन आकड्यांची गरज पुढे सर्वांत जास्त पडते. त्यासाठी बँकेकडून कर्जखात्याचा ताजा उतारा आणि परतफेडीचे वेळापत्रक मागवून घ्यावे. कर्ज मंजूर होताना मिळालेले जुने वेळापत्रक दरवाढीनंतर निरुपयोगी झालेले असते.

दुसरी पायरी: हप्ता वाढवायचा की मुदत

बदलत्या दराच्या दीर्घ कर्जात दर वाढला की बँकेपुढे दोन मार्ग असतात: हप्ता वाढवणे किंवा हप्ता तोच ठेवून महिने वाढवणे. दुसरा मार्ग कर्जदाराला टोचत नाही, म्हणून तो बहुधा निमूटपणे स्वीकारला जातो. त्याची किंमत किती, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा ५० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी ७ टक्के दराने घेतले आहे. मासिक हप्ता ३८,७६५ येतो आणि वीस वर्षांत एकूण सुमारे ४३ लाख व्याज जाते. आता कर्ज घेतल्यावर लगेचच दर ९ टक्के झाला असे धरू. मुदत तीच ठेवायची असेल तर हप्ता ४४,९८६ होतो, म्हणजे दरमहा ६,२२१ जास्त, आणि एकूण व्याज सुमारे ५८ लाखांवर जाते. हप्ता तोच ठेवला तर काय होते? परतफेडीला २४० महिन्यांऐवजी ४५८ महिने लागतात. वीस वर्षांचे कर्ज अडतीस वर्षांचे होते आणि एकूण व्याज सव्वा कोटीच्या पुढे जाते.

याचे कारण पहिल्याच महिन्याच्या हिशेबात दिसते. ९ टक्के दराने ५० लाखांवर एका महिन्याचे व्याज ३७,५०० होते. ३८,७६५ च्या हप्त्यातून ते वजा केले की मुद्दल फक्त १,२६५ ने कमी होते. दर साडेनऊ टक्के झाला तर महिन्याचे व्याज ३९,५८३ होते, म्हणजे हप्त्यापेक्षाही जास्त. अशा वेळी हप्ता नियमित भरूनही कर्ज दर महिन्याला वाढत जाते. भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना दिलेल्या सूचनांमध्ये हा मुद्दा आला आहे: मुदत लांबवताना मुद्दल उलटे वाढू लागणार नाही याची काळजी घ्यावी आणि हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्हींचा मेळ घालणे यांतील निवड कर्जदाराला करू द्यावी, असे त्यात सांगितले आहे. असा नियम जिथे नाही तिथेही हा पर्याय मागण्याला कोणाची हरकत नसते. फक्त तो मागावा लागतो.

आता याच उदाहरणातली दिलासा देणारी बाजू पाहू. हप्ता पूर्ण ६,२२१ ने वाढवणे झेपत नसेल आणि केवळ ३,००० ने वाढवला, म्हणजे ४१,७६५ केला, तर ४५८ महिन्यांचे कर्ज ३०६ महिन्यांत, साधारण साडेपंचवीस वर्षांत संपते. आवश्यक वाढीच्या निम्म्याहून कमी रक्कम भरून लांबलेल्या मुदतीचा जवळपास सत्तर टक्के भाग मागे घेता येतो. याचे कारण असे की मुद्दलात जाणारी रक्कम १,२६५ वरून एकदम ४,२६५ होते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पूर्ण वाढ जमत नसली तरी शून्य वाढ कधीही स्वीकारू नये. एकरकमी भरणा करून २० वर्षांची मुदत आणि जुना हप्ता दोन्ही कायम ठेवायचे असतील, तर या उदाहरणात सुमारे ६ लाख ९१ हजार मुद्दलात भरावे लागतील. हाच आकडा नवे कर्ज घेणाऱ्यालाही उपयोगी आहे: ज्या हप्त्यात ७ टक्के दराने ५० लाख मिळत होते त्याच हप्त्यात ९ टक्के दराने सुमारे ४३ लाखच मिळतात.

कर्ज जुने असेल तर चित्र बरेच सौम्य होते. वरच्याच कर्जाची दहा वर्षे ७ टक्के दराने नियमित फेड झाली असेल, तर शिल्लक सुमारे ३३ लाख ३९ हजार असते. या टप्प्यावर दर ९ टक्के झाला आणि हप्ता बदलला नाही, तर उरलेले १२० महिने १३९ होतात, म्हणजे फक्त एकोणीस महिने वाढतात. तीच दोन टक्क्यांची वाढ सुरुवातीला अठरा वर्षे वाढवते आणि मध्यावर दीड वर्ष. त्यामुळे नवे कर्ज असलेल्याने तातडीने हालचाल करावी, तर कर्जाचा उत्तरार्ध गाठलेल्याने शेजाऱ्याच्या धावपळीकडे पाहून आपली बचत मोडू नये.

तिसरी पायरी: कोणते कर्ज आधी फेडायचे

क्रेडिट कार्डाची थकबाकी ही या यादीत नेहमीच पहिली असते, मग व्याजदर चढे असोत की उतरे. दरमहा ३ टक्के हा दर ऐकायला लहान वाटतो, परंतु व्याजावर व्याज धरले तर वर्षाला तो ४२ टक्क्यांच्या पुढे जातो. त्यापुढे गृहकर्जाच्या दोन टक्क्यांचा विचार करण्यात अर्थ नाही. त्यानंतर विनातारण वैयक्तिक कर्जे, मग वाहनकर्ज आणि शेवटी गृहकर्ज, असा क्रम बहुतेक ठिकाणी लागतो. तरी तो आपल्या पानावरच्या प्रत्यक्ष दरांवरून पडताळून घ्यावा.

एक अपवाद मात्र आवर्जून सांगावासा वाटतो. ज्यांच्याकडे जुन्या, कमी आणि खऱ्या अर्थाने स्थिर दराचे कर्ज आहे, त्यांनी चढ्या दरांच्या बातम्या वाचून ते घाईने फेडू नये. कर्ज ३ टक्क्यांचे असेल आणि सुरक्षित ठेवीवर कर वजा जाता ४ टक्के मिळत असतील, तर ते कर्ज मुदतीआधी फेडणे म्हणजे वर्षाला एक टक्का सोडून देणे. कर्ज नको ही भावना समजण्यासारखी आहे, पण हिशेब तिच्या विरुद्ध जातो.

स्थिर या विशेषणाबद्दलही सावध राहावे. अनेक करारांत दर पहिली दोन-तीन वर्षेच स्थिर असतो आणि त्यानंतर तो पुन्हा ठरवण्याचा अधिकार बँक राखून ठेवते. बदलत्या दराचे कर्ज स्थिर दरात नेण्याचा प्रस्ताव दर शिखराच्या जवळ असताना सर्वाधिक आकर्षक वाटतो, आणि नेमका तेव्हाच तो बहुधा महाग पडतो, कारण पुढे दर उतरले तरी आपण वरच अडकून राहतो. दुसऱ्या बँकेत कर्ज हलवण्याचा विचार असेल तर खर्च आणि बचत समोरासमोर मांडावी. ३३ लाख ३९ हजार शिल्लक असताना अर्धा टक्का कमी दर मिळाला तर पहिल्या वर्षी साधारण १६,७०० वाचतात. प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन आणि कागदपत्रे मिळून खर्च ४०,००० असेल, तर तो भरून निघायला अडीच वर्षे लागतील. हा हिशेब हाताशी घेऊन आधी आपल्याच बँकेकडे दर कमी करण्याचा अर्ज करावा, कारण थोड्या शुल्कात तो अनेकदा मान्य होतो.

चौथी पायरी: राखीव निधी वाढवा

दरवाढीचा हेतूच मागणी थंड करण्याचा असतो, त्यामुळे तिचा पुढचा परिणाम रोजगारावर होतो. अध्यक्ष पॉल व्होल्कर यांच्या कारकिर्दीत फेडरल रिझर्व्हने दर वीस टक्क्यांच्या आसपास नेले, तेव्हा अमेरिकेतील महागाई आटोक्यात आली खरी, पण १९८२ च्या अखेरीस बेरोजगारीही १०.८ टक्क्यांवर गेली. दरवेळी इतके टोक गाठले जात नाही. तरीही हप्ता वाढलेला असताना उत्पन्न थांबण्याची शक्यताही वाढलेली असते, म्हणून राखीव निधी जुन्या नव्हे तर नव्या हप्त्यावर मोजावा. पूर्वी सहा महिन्यांच्या खर्चाची सोय होती, ती हप्ता वाढल्यावर कदाचित पाचच महिन्यांची उरली असेल. हा निधी बचत खात्यात पडू देण्यापेक्षा अगदी अल्प मुदतीच्या ठेवीत किंवा लिक्विड फंडात (अगदी अल्प मुदतीच्या रोख्यांत गुंतवणाऱ्या फंडात) ठेवावा. चढ्या दरांच्या काळात या दोन्ही ठिकाणी परतावा लवकर सुधारतो.

पाचवी पायरी: ठेवींची शिडी

ठेवीदारासाठी हा सुगीचा काळ मानला जातो. तो तसा आहे की नाही, हे महागाई आणि कर वजा केल्याशिवाय सांगता येत नाही. ७ टक्क्यांची ठेव, व्याजावर २० टक्के कर आणि ६ टक्के महागाई असेल, तर हातात ५.६ टक्के येतात आणि खरेदीची ताकद वर्षाला सुमारे ०.४ टक्क्याने घटते. १० टक्के दर आणि १० टक्के महागाई यांपेक्षा ५ टक्के दर आणि २ टक्के महागाई ठेवीदाराला कितीतरी बरी.

दर आणखी वाढतील की उतरतील, हे कोणालाही खात्रीने सांगता येत नसल्याने सगळी रक्कम एकाच मुदतीत अडकवू नये. रकमेचे पाच भाग करून ते एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षांसाठी ठेवावेत आणि दरवर्षी जो भाग मोकळा होईल तो पुन्हा पाच वर्षांसाठी गुंतवावा. दर वाढत राहिले तर दरवर्षी पाचवा हिस्सा नव्या दराला जातो; दर उतरले तर उरलेले चार हिस्से जुन्या दराने चालू राहतात. अल्प मुदतीचा दर दीर्घ मुदतीपेक्षा जास्त असेल, तेव्हा सगळी रक्कम एका वर्षासाठी ठेवण्याचा मोह होतो. परंतु असा उलटा क्रम सहसा बाजाराला पुढे दरकपात दिसत असते तेव्हाच येतो, आणि वर्षानंतर तोच पैसा कमी दराने गुंतवावा लागण्याचा धोका त्यात असतो.

जुनी कमी दराची ठेव मोडावी का, याचेही उत्तर हिशेबात आहे. मोडल्यावर बँक सहसा मूळ दर देत नाही. ठेव जितका काळ राहिली त्या मुदतीचा, ठेव सुरू करतेवेळचा दर देते आणि त्यातूनही दंड कापते. एक लाखाची पाच वर्षांची ५ टक्क्यांची ठेव वर्षभराने मोडली, वर्षाच्या मुदतीचा त्या वेळचा दर ४.५ टक्के होता आणि दंड एक टक्का असेल, तर ५,००० ऐवजी ३,५०० व्याज मिळते, म्हणजे तोटा १,५०० चा. नव्या ७ टक्क्यांच्या ठेवीत दरवर्षी २,००० च्या आसपास जास्त मिळणार असल्याने तो पहिल्या वर्षातच भरून निघतो आणि पुढची तीन वर्षे निव्वळ लाभ होतो. हीच ठेव चौथ्या वर्षाच्या शेवटी मोडणे मात्र आतबट्ट्याचे ठरते, कारण दंड चार वर्षांच्या व्याजावर बसतो आणि लाभ घ्यायला एकच वर्ष उरते.

सहावी पायरी: रोख्यांची मुदत तपासा

सुरक्षित समजल्या जाणाऱ्या रोखे फंडात उणे परतावा दिसला की लोक गोंधळतात, आणि ते स्वाभाविक आहे. १,००० दर्शनी मूल्याचा, वर्षाला ५० व्याज देणारा रोखा आपल्याकडे आहे आणि बाजारात तसाच नवा रोखा ७० व्याज देऊ लागला, तर आपला रोखा १,००० ला कोण घेईल? त्याची किंमत इतकी उतरते की घेणाऱ्यालाही ७ टक्केच पडावेत. मुदत दोन वर्षे उरली असेल तर ती ९६४ होते, दहा वर्षे असेल तर ८६० आणि तीस वर्षे असेल तर ७५२. दर तेवढेच वाढले, जोखीम न फेडण्याची नव्हतीच, तरी घसरण साडेतीन टक्क्यांपासून पंचवीस टक्क्यांपर्यंत झाली. ऑस्ट्रियाच्या सरकारने २०२० मध्ये ०.८५ टक्के व्याजाचा शंभर वर्षांचा रोखा विकला होता. दर वाढल्यावर त्याची किंमत दर्शनी मूल्याच्या निम्म्याहून बरीच खाली गेली, आणि ऑस्ट्रिया तर उत्तम पत असलेला देश.

फंडाच्या मासिक माहितीपत्रकात मॉडिफाइड ड्युरेशन नावाचा आकडा दिलेला असतो. तो ६ असेल तर दर एक टक्का वाढल्यावर फंडाचे मूल्य साधारण सहा टक्के घटते आणि एक टक्का उतरल्यावर तेवढेच वाढते. निवडीचा नियम साधा आहे: पैसा जेव्हा लागणार आहे त्याहून जास्त मुदतीच्या फंडात तो ठेवू नये. तीन वर्षांनी लागणारी रक्कम तीनच्या आतल्या ड्युरेशनमध्ये असावी. रोखा स्वतःच्या नावावर असेल आणि मुदतीपर्यंत ठेवायचा असेल, तर मधली घसरण कागदावरची असते, कारण अखेरीस १,००० मिळतातच; फक्त तोवर ५० वर समाधान मानावे लागते.

हा नियम मोडल्यावर काय होते, हे मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेने दाखवले. तिच्या ठेवी कोणत्याही क्षणी काढता येण्याजोग्या होत्या आणि तो पैसा दर तळाला असताना दीर्घ मुदतीच्या सरकारी आणि गृहकर्जाधारित रोख्यांत गुंतवलेला होता. ८ मार्चला बँकेने सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे १.८ अब्ज डॉलरचा तोटा सोसून विकल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढण्याची मागणी केली आणि १० मार्चला नियामकांनी बँक बंद केली. रोखे बुडीत नव्हते, फक्त पैशाची मुदत आणि गुंतवणुकीची मुदत जुळत नव्हती. मुलाच्या पुढच्या वर्षीच्या शुल्काचा पैसा दीर्घ मुदतीच्या रोखे फंडात ठेवणारे कुटुंब लहान प्रमाणावर हेच करत असते.

सातवी पायरी: शेअर ठेवावेत की विकावेत

शेअरची किंमत म्हणजे कंपनीच्या भविष्यातील कमाईचे आजचे मूल्य. १० वर्षांनी मिळणाऱ्या १०० चे आजचे मूल्य ५ टक्के दराने ६१ होते आणि ८ टक्के दराने ४६; २ वर्षांनी मिळणाऱ्या १०० चे मात्र अनुक्रमे ९१ आणि ८६. ज्या कंपन्यांची बहुतांश कमाई दूरच्या भविष्यात अपेक्षित असते त्यांचे शेअर दरवाढीत जास्त का आपटतात, हे या चार आकड्यांत दिसते. २०२२ मध्ये अमेरिकेतील एस अँड पी ५०० निर्देशांक सुमारे १९ टक्के घसरला, तर तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला नॅसडॅक कंपोझिट सुमारे ३३ टक्के. त्याच वर्षी तेथील प्रमुख रोखे निर्देशांकही १३ टक्के उणे गेल्यामुळे शेअर पडले तर रोखे सावरतील हा नेहमीचा आडाखाही चुकला.

यावरून दर वाढू लागले की शेअर विकून बाहेर पडावे, असा निष्कर्ष कोणी काढला तर पुढच्याच वर्षाने तो खोडून काढला. २०२३ मध्ये जुलैपर्यंत दरवाढ चालूच होती, तरी एस अँड पी ५०० वर्षभरात सुमारे २४ टक्के वर गेला. दराच्या बातमीवर आत-बाहेर करण्यापेक्षा हातात असलेल्या कंपन्यांची कर्जे तपासणे जास्त फलदायी असते. वार्षिक अहवालातील कर्जांच्या टिपेत येत्या दोन वर्षांत किती कर्ज परत करायचे आहे, त्याचा जुना दर काय आणि किती कर्ज बदलत्या दराचे आहे, हे सापडते. करपूर्व-व्याजपूर्व नफ्याला व्याजखर्चाने भागून येणारा आकडा दीड-दोनच्या आसपास असेल, तर व्याज थोडे वाढताच नफ्याचा मोठा भाग गायब होऊ शकतो. तो आठ-दहा असेल तर कंपनी निश्चिंत आहे. नियमित मासिक गुंतवणूक करणाऱ्याने ती चालू ठेवावी, अट एवढीच की तिच्यासाठी कार्डावर थकबाकी राहू नये. वाढलेल्या हप्त्यामुळे दोन्ही झेपत नसतील तर गुंतवणुकीची रक्कम काही काळ कमी करणे योग्य, सगळीच बंद करणे टाळावे.

घर आणि सोने यांबद्दल थोडक्यात. दर वाढले की घरांच्या किमती लगेच पडतात असे नाही. कमी दराच्या स्थिर कर्जात असलेले मालक विकायलाच तयार होत नाहीत, त्यामुळे व्यवहार घटतात आणि किमती अडून राहतात. उद्या दर उतरतील या आशेवर झेपणार नाही असा हप्ता घेऊन घर घेऊ नये. सोने व्याज देत नसल्यामुळे चढे दर त्याला मारक मानले जातात, परंतु २०२२ आणि २०२३ मध्ये मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी एक हजार टनांहून अधिक सोने खरेदी केले आणि दर शिखरावर असतानाच, डिसेंबर २०२३ मध्ये, सोन्याने डॉलरमध्ये नवा उच्चांक केला. केवळ व्याजदरावरून सोन्याचा अंदाज बांधण्यात फारसा अर्थ नाही.

आठवी पायरी: दर वळण्याआधीची तयारी

चढे दर कायम राहत नाहीत, आणि उतरणीची तयारी शिखरावर असतानाच करावी लागते. दरवाढ थांबल्याची चिन्हे दिसू लागली की शिडीतील मोकळा होणारा भाग लांब मुदतीला न्यावा आणि ज्यांचा पैसा खरोखरच दीर्घ काळाचा आहे त्यांनी रोखे फंडांचे ड्युरेशन टप्प्याटप्प्याने वाढवावे, कारण वर पाहिलेली घसरण तेव्हा उलट दिशेने चालते. मुदत संपल्यावर ठेव आपोआप नव्याने सुरू करण्याची सूचना बँकेला दिलेली असेल तर ती काढून टाकावी आणि प्रत्येक वेळी दर पाहून निर्णय घ्यावा.

कर्जाच्या बाजूला दर पुन्हा ठरण्याच्या तारखेला कपात खरोखर लागू झाली का, हे खात्याच्या उताऱ्यावर पाहावे; नव्या ग्राहकांना जाहिरातीत दिसणारा दर आणि आपला दर यांत मोठी तफावत आढळल्यास लेखी अर्ज करावा. त्यानंतर बँक हप्ता कमी करण्याचा पर्याय पुढे करील. घरखर्चाची ओढाताण नसेल तर तो नाकारून जुना हप्ता चालू ठेवण्याचे लेखी कळवावे. ५० लाख शिल्लक असताना ९ टक्क्यांच्या हिशेबाने ठरलेला ४४,९८६ चा हप्ता दर ७ टक्क्यांवर आल्यावरही तसाच भरत राहिल्यास २४० महिन्यांचे कर्ज १८० महिन्यांत संपते.